मॉन्टरेचे लिलाव, मामा आणि जुन्या गाड्यांचे कागद

कॅलिफोर्नियात समुद्राकाठी मॉन्टरे नावाचं गाव आहे, तिथे दर ऑगस्टमधे आठवडाभर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. मोठमोठ्या कंपन्यांचे लिलाव एकाच आठवड्यात, बाजूला लगुना सेकाच्या ट्रॅकवर जुन्या रेसिंग गाड्या, आणि आठवड्याच्या शेवटी रविवारी पेबल बीचच्या गोल्फ कोर्सवर कॉन्कूर, म्हणजे जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा. स्पोर्ट्स कारचं वेड असणाऱ्या माणसाची ही पंढरीच. कॉलेजात असल्यापासून मी या लिलावांचे रिझल्ट वाचत आलोय, कुठली फेरारी किती मिलियनला गेली हे मला पाठ असायचं, पण पुण्यात बसून फोटोच बघणार ना. आपल्याकडे विंटेज रॅलीत एखादी जुनी ब्रिटिश एमजी दिसली तरी आम्ही मागे मागे गाडी नेणारे लोक.

ऑगस्ट २०२५ ला योग आला कारण मामाला दादाकडे म्हणजे माझ्या मामेभावाकडे सॅन होजेला जायचंच होतं, मामी आधीच गेलेली, तर म्हणलं मामा आपण तारखा जुळवून घेऊ. मामाची आख्खी नोकरी पिंपरीला टेल्कोत गेली, पेंट शॉपमधे. किंमती, मालक, रेस वगैरे त्याला काही देणंघेणं नाही, पण पत्रा आणि रंग या दोन गोष्टीत त्याच्यासारखी नजर मी पुण्यात दुसरी बघितलेली नाही. त्यामुळे या सहलीत जे खरं शिकायला मिळालं ते त्याच्यामुळेच.

सोमवार, मंगळवार : प्रवास

पुण्याहून टॅक्सीने मुंबई, तिथून सॅन फ्रान्सिस्को, दादा एअरपोर्टवर न्यायला आला होता, वहिनीने गरम वरणभात वाढला आणि आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या गाडीने १०१ हायवेने खाली निघालो. वाटेत गिलरॉय लागतं, लसणाचं गाव, काचा बंद असून लसणाचा वास गाडीत येतो. मॉन्टरेत त्या आठवड्यात हॉटेलचे दर विचारायची सोय नाही, म्हणून अलीकडे सॅलिनासला साध्या मोटेलमधे राहिलो आणि रोज ये-जा केली. कोणाला जायचं असेल तर हेच करा, अर्ध्या तासाचा फरक आहे.

मेकमचा लिलाव

मेकम या कंपनीचा लिलाव डेल मॉन्टे गोल्फ कोर्सवर असतो, हयात हॉटेलच्या आवारात. हिरवळीवर तंबू, तंबूत गाड्या, आणि रोजचं तिकीट काढलं की कोणीही आत जाऊ शकतो. इथलं वातावरण एकदम मोकळं आहे, शर्ट-पँटवाला शेतकरी वाटावा असा माणूस कॉर्व्हेटवर बोली लावून जातो.

मंचावर गाडी येते, ऑक्शनियर सुरू होतो आणि तो काय बोलतोय ते पहिली दहा मिनिटं आपल्याला काही कळत नाही. मामा म्हणाला, गुलटेकडीला मार्केट यार्डात पहाटे जाऊन बस, तिथेही पहिल्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी सगळं कळतं. अगदी तसंच झालं. तासाभराने कान बसला, मधले सगळे शब्द भरणा आहेत, आकडे दोनच, आत्ता हातात असलेला आणि पुढचा हवा असलेला. गर्दीत कंपनीची माणसं फिरत असतात, कोणी मान हलवली की जोरात ओरडतात. दोन-तीन मिनिटांत गाडी पुढे ढकलली जाते आणि दुसरी येते.

रिझर्व्ह म्हणजे मालकाने आधीच ठरवलेली कमीत कमी किंमत, ती कंपनी आणि मालक यांनाच माहीत. बोली तिथपर्यंत पोचली नाही तर गाडी विकली जात नाही, मेकमवाले अशा वेळी ‘बिड गोज ऑन’ म्हणतात, म्हणजे नंतर ऑफिसात बसून बोलणी चालू. आणि मालकाने मधेच ठरवलं की जाऊ दे, मिळेल त्या भावाला द्यायची, की मंचावरून रिझर्व्ह काढल्याचं जाहीर होतं आणि मग एकदम हात वर व्हायला लागतात. हा क्षण मी टीव्हीवर बघितला होता पण समोर बसून बघण्यात वेगळीच मजा आहे. जिंकलेल्या बोलीवर आणखी दहा टक्के बायर्स प्रीमियम द्यावा लागतो, त्यामुळे पेपरात छापून येणारा आकडा आणि हातोडा पडला तो आकडा वेगळा असतो हे नव्या माणसाने लक्षात ठेवायचं.

तिथे एक १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे होती, मागची काच मधे दांडी घालून दोन भागात केलेली. ही फक्त त्याच एका वर्षी आली. मागचं नीट दिसत नाही म्हणून तक्रारी झाल्या आणि १९६४ ला कंपनीने एकच काच दिली. मग झालं काय, ६३ च्या बऱ्याच मालकांनी मधली दांडी कापून नवीन मॉडेलची काच बसवून घेतली, आपली गाडी लेटेस्ट दिसावी म्हणून. आज ती दांडी असलेल्या गाडीला लोक शोधत फिरतात, कापलेली असेल तर ती पुन्हा जोडून घेतात. मामा त्या दांडीच्या सांध्याकडे टॉर्च मारून बराच वेळ बघत होता, पण ही बॉडी फायबरग्लासची, पत्रा नाहीच, तर त्याचा हिरमोड झाला.

गुरुवार : टूर आणि प्रिव्ह्यू

सकाळी पेबल बीचची टूर. रविवारी कॉन्कूरला उभ्या राहणाऱ्या गाड्या गुरुवारी रस्त्यावर चालवून दाखवतात, सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह आणि पुढे हायवे वनवर. तिकीट नाही, कडेला उभं राहायचं. ऑगस्टमधेही इथे सकाळी दाट धुकं आणि थंडी असते, स्वेटर न्याच. यात एक नियम मला फार आवडला, कॉन्कूरमधे दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर जिने टूर पूर्ण केली ती पुढे. म्हणजे नुसती काचेत ठेवलेली गाडी नको, चालली पाहिजे. ९० वर्षांपूर्वीची आठ सिलिंडरची गाडी धुक्यातून समोर येते, आधी आवाज, मग दिवे, मग आख्खी गाडी, आणि चालवणारे आजोबा हात करून जातात. मामीने यायला हवं होतं असं मामा तेव्हा म्हणाला.

दुपारी मॉन्टरे गावात आरएम सदबीज या लिलाव कंपनीचा प्रिव्ह्यू, म्हणजे विकायच्या गाड्या लिलावाआधी बघायला ठेवतात. माझ्या मते लिलावापेक्षा प्रिव्ह्यू जास्त बघण्यासारखा. म्युझियममधे गाडी दोरीच्या पलीकडे असते, इथे ती विकायची असते, त्यामुळे बोनेट उघडं, डिकी उघडी, तुम्ही गुडघ्यावर बसून खालून बघितलं तरी कोणी हटकत नाही. हात लावायचा तर तिथल्या माणसाला विचारायचं, तो स्वतः दार उघडून देतो. प्रत्येक गाडीजवळ तिच्या जुन्या कागदांची एक फाईल असते. आम्ही तिथे दुपारभर होतो.

जॅग्वार ई-टाईप पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. १९६१ मार्चमधे जिनिव्हाला ही गाडी जगापुढे आली. सुरुवातीच्या पाचशेच्या आसपास गाड्यांना बोनेटची लॅच बाहेरून होती, बोनेटच्या खाली दोन्ही बाजूला एकेक छोटं भोक आणि त्यात घालायची टी आकाराची किल्ली. नंतर लॅच आतून झाली. फ्लोअरसुद्धा आधी एकदम सपाट होता, उंच माणसाचे पाय बसेनात म्हणून १९६२ मधे पायाखाली खड्डा दिला. आता गंमत बघा, बसायला वाईट असलेली ती सपाट फ्लोअरची गाडीच जास्त किंमतीला जाते.

समोर होती ती नुकतीच रिस्टोअर केलेली, रंग असा की त्यात आपला चेहरा स्पष्ट दिसतो. मी फोटो काढत सुटलो. मामा खाली वाकला, दाराच्या खालच्या सिलवरून टॉर्चचा उजेड आडवा फिरवला आणि मला म्हणाला, हे बघ इथे, कंपनीतून पत्रा जोडताना स्पॉट वेल्ड करतात, बारीक गोल खड्डे ओळीत दिसले पाहिजेत, इथे ओळ आहे पण खड्डे भरून घासून गुळगुळीत केलेत, म्हणजे सिल बदललाय आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, फिरवलीये. मग दाराच्या फटीत बघितलं, बोनेट आणि दाराच्या मधली फट वरून खालपर्यंत एकसारखी. मामा म्हणाला की इतकी सारखी फट त्या काळात कुठल्याच कारखान्यात निघत नव्हती, हाताने जुळवायचे, कुठे दीड मिलीमीटर कुठे तीन. आणि हा रंगही तेव्हाचा नाही, तेव्हा ड्यूकोसारखा सेल्युलोजचा रंग असायचा, तो घासून घासून चकाकी आणायचे, हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन आहे, वर पारदर्शक क्लिअर कोट मारलेला. काम उत्तमच आहे, पण हे आजचं काम आहे, असं त्याने सांगितलं. मी तोपर्यंत नुसतं ‘काय चमकतीये’ म्हणत होतो, त्यानंतर मला प्रत्येक गाडी वेगळी दिसायला लागली.

पुढे एक मर्सिडीज ३०० एसएल गलविंग. १९५४ ते ५७ मधे १४०० बनल्या, त्यातल्या २९ ॲल्युमिनियम बॉडीच्या. दारं वर उघडतात ती स्टाईल म्हणून नाही, आत नळ्यांची जाळी जोडून चेसिस केलीये, ती बाजूने इतकी उंच येते की नेहमीचं दार बसवायला जागाच राहत नाही, म्हणून बिजागऱ्या छपरात. स्टिअरिंग व्हील खाली वळवून आत बसावं लागतं. या गाडीच्या पोटाखाली पत्र्याची आवरणं होती, हवा नीट जावी म्हणून, पण इंजिन तापतं, सर्व्हिसला काढायचा त्रास होतो म्हणून गॅरेजवाल्यांनी ती काढून टाकली, बहुतेक गाड्यांची गेलीच. आज ती ओरिजिनल आवरणं, सोबत मिळणाऱ्या चामडी बॅगा, टूल किट, हे सगळं असेल तर किंमत वेगळी. आम्ही बघितलेल्या गाडीत टूल किटचे पाने कापडी पिशवीत होते, पिशवी विटलेली, कडेला शिवण उसवलेली, आणि तीच पिशवी कॅटलॉगमधे आख्ख्या पानभर फोटोत छापलेली.

डिनो २४६ पण होती. व्ही ६ इंजिन मधे बसवलेली, अंगावर फेरारीचा घोडा नाही, त्यामुळे एके काळी लोक हिला फेरारी मानायचेच नाहीत. ‘चेअर्स अँड फ्लेअर्स’ म्हणजे फेरारी डेटोना मॉडेलच्या सीट्स आणि फुगवलेले मडगार्ड असा जोड ऑर्डर करताना घेतलेला असेल तर भाव चढतो. पण तो कारखान्यातून आलाय का नंतर कोणी बसवलाय हे कसं ठरवणार, तर कागदाने. परत कागद. दिवसभर प्रत्येक गाडीपाशी शेवटी आम्ही तिथेच येऊन थांबत होतो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट : क्वेल लॉज

सकाळी मोटेलच्या खोलीत फोनवर लाल किल्ल्याचं भाषण थोडं बघितलं, वहिनीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि कार्मेल व्हॅलीत क्वेल लॉजला बॉनहॅम्सच्या लिलावाला गेलो. २०१४ मधे याच ठिकाणी फेरारी २५० जीटीओ ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली, तेव्हाचा तो लिलावातला विक्रम. चार वर्षांनी मॉन्टरेतच आरएमने दुसरी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाखाला विकली. या गाड्या एकूण ३६ च बनल्या, प्रत्येकीचा चेसिस नंबर, कुठल्या रेसला कोणी चालवली, कधी ठोकली, कोणी दुरुस्त केली, सगळं लोकांना तोंडपाठ.

इथे बोली लावायची तर आधी नाव नोंदवून बँकेचं पत्र द्यावं लागतं, मग नंबरची पाटी मिळते. नुसतं बघायचं असेल तर कडेला उभं राहायचं. एका बाजूला लांब टेबल, तिथे पंधरा-वीस लोक कानाला फोन लावून, पलीकडे जगात कुठेतरी बसलेला गिऱ्हाईक. ऑक्शनियर शांत, मेकमसारखी आरोळी नाही, प्रत्येकाला नावाने किंवा जागेने ओळखून विचारणार, सर आणखी पाच हजार? एकदा विचार करा, मी थांबतो. आणि रिझर्व्हच्या खाली मालकाच्या वतीने ऑक्शनियर स्वतःही बोली पुढे नेऊ शकतो, तसं नियमात लिहिलेलं असतं. म्हणून पहिले काही आकडे जोरात चढले तरी खरी मारामारी सुरू झालीये असं समजायचं नाही, दोन खरे लोक कधी समोरासमोर येतात ते बघायचं.

एक पोर्शे ३५६ आली. रंग उडालेला, चाकाच्या कमानीजवळ पत्रा थोडा दिसत होता, सीटचं कातडं तडकलेलं. पण कारखान्याचं कार्ड, पहिल्या दिवसापासूनची बिलं, मालकाच्या हाताने लिहिलेल्या तेल बदलल्याच्या नोंदी, सगळं होतं, इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कार्डाशी जुळणारे. पहिल्यांदा चार-पाच हात वर होते, मग दोनच राहिले, एक पुढच्या रांगेतल्या बाई आणि एक फोनवरचा. आकडा पाच-पाच हजाराने चढत होता आणि फोनवाली मुलगी प्रत्येक वेळी तोंडावर हात धरून पलीकडे बोलायची, मग मान हलवायची. बाईंनी शेवटी पाटी खाली ठेवलीच नाही, धरूनच बसल्या. फोनवाल्या मुलीने मान आडवी हलवली आणि हातोडा पडला. तंबूत टाळ्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की रिस्टोअर तुम्ही कितीही वेळा करू शकता, ओरिजिनल ती एकदाच असते. तिथे हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती गाडी समोर असताना ऐकलं आणि मला ते मनापासून पटलं.

बाहेर फ्रीमॉंटचं एक मराठी कुटुंब भेटलं, मूळचे कोथरूडचे. त्यांनी विचारलं की इथून गाडी पुण्याला नेता येते का. तर पूर्वी १९५० च्या आधीचीच विंटेज गाडी आणता यायची, २०२५ च्या सुरुवातीला नियम बदलला आणि आता ५० वर्षं जुनी कुठलीही गाडी आणता येते, म्हणजे दर वर्षी एकेक नवीन वर्ष त्यात येत जाणार. माझ्यासारख्याला याचा अर्थ असा की साठच्या दशकातल्या सगळ्या स्पोर्ट्स कार आता कायद्याने चालतील. पण कस्टम ड्युटी आणि बाकीचे कर धरले की गाडीच्या किंमतीपेक्षा जास्त पैसे तिकडेच जातात. तरी दार उघडलं हे मोठंच आहे.

शनिवार : लेमन्स, लगुना सेका, थोडा पेबल बीच

सकाळी सीसाइड गावात कॉन्कूर डी लेमन्स, फुकट असतं, महागड्या कॉन्कूरची थट्टा म्हणून सुरू झालेलं, तिथे गंजक्या, विचित्र गाड्या आणतात. मला तिथे एक ट्रायंफ स्पिटफायर दिसली आणि मी मामाला हाका मारत ओढत नेलं. कारण आमच्या आजोबांची गाडी, जी आज मामाच्या सहकारनगरच्या पार्किंगमधे उभी आहे, ती स्टँडर्ड हेराल्ड, आणि हेराल्ड म्हणजे ट्रायंफचीच, मद्रासला बनायची. स्पिटफायरची चेसिस हेराल्डच्या चेसिसवरूनच आखडून केलेली, पुढचं सस्पेन्शन तेच, दोन्हीचं डिझाईन जोव्हानी मिकेलोत्तीचं, आणि दोन्हीचं पुढचं आख्खं तोंड, मडगार्डसकट, पुढे उलटून उघडतं. पुण्यात लोक आमच्या गाडीला ‘ती जुनी हेराल्ड’ म्हणून सोडून देतात, ती एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे हे मी सगळ्यांना सांगत आलोय, आज मामाने स्वतःच्या डोळ्याने बघितलं.

त्या मालकाने गाडी चाळीसेक वर्षं ठेवलीये. मामाने खुणेने विचारलं की रंग नाही का काढणार, तर त्याने मागून एक जाडजूड फाईल काढली आणि पहिल्या पानावर कारखान्यातून आलेला रंगाचा कोड दाखवला, म्हणाला हा तोच रंग आहे, आता हा मी गेल्यावरही कोणी काढू नये. मामा त्याच्याशी हातवारे करत अर्धा तास बोलत होता, चेसिसचे आउटरिगर, म्हणजे बाजूला निघालेले बॉडी धरणारे आडवे हात, कुठे गंजतात यावर दोघांचं एकमत झालं. त्याला ‘लांबी’ कशी समजावली देव जाणे, पण समजली.

दुपारी लगुना सेका. कॉर्कस्क्रू वळणावर गेलो, डावं-उजवं वळण घेत ट्रॅक पाच मजली इमारतीइतका खाली येतो, वरून येणाऱ्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतच नाही. लिलावात ज्या गाड्यांभोवती लोक हळू आवाजात बोलतात त्याच जातीच्या गाड्या इथे एकमेकीला घासून जातात. यावर वेगळं लिहायला हवं, इथे आवरतो.

संध्याकाळी पेबल बीचला गुडिंग क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या तंबूकडे गेलो, गर्दी एवढी की आत स्क्रीनच दिसत होता. या आठवड्यात त्यांच्याकडे १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर अडीच कोटी डॉलरच्या वर गेली आणि आरएमकडे एक नवीकोरी फेरारी डेटोना एसपी३, शिक्षणाच्या कामाला पैसे द्यायचे म्हणून, २ कोटी ६० लाखाला. रुपयात सव्वादोनशे कोटींच्या पुढे. मामाने आकडा ऐकला आणि म्हणाला, सगळी बातमी याचीच होणार, आणि ती पोर्शेवाली बाई कोणाला कळणार नाही.

रविवार : कॉन्कूर

पहाटे अंधारात पोचायचं, याला डॉन पेट्रोल म्हणतात. धुक्यातून एकेक गाडी स्वतःच्या इंजिनवर हिरवळीवर येते. तिकीट काही शे डॉलर आहे, दादाने आम्हा दोघांचं काढून दिलं, त्याचे उपकार विसरणार नाही. मामी आणि वहिनी पण आल्या होत्या.

इथे २०१२ आणि २०१८ ला भारतीय संस्थानिकांच्या गाड्यांचा वेगळा वर्ग होता. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी केलेली, ही जगातल्या सगळ्यात देखण्या ड्यूसेनबर्गमधे धरतात. १९७१ ला तनखे बंद झाले त्या सुमाराला अशा कितीतरी गाड्या कवडीमोलाने देशाबाहेर गेल्या, मग सरकारने निर्यातीवर बंदी आणली. एका मराठी राजाने हौसेने बनवून घेतलेली गाडी आज जग डोक्यावर घेतं आणि आपल्याकडे तिचं नाव फार थोड्यांना माहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मामाला मी मुद्दाम प्रिझर्व्हेशन वर्गाकडे नेलं, म्हणजे कधीच रिस्टोअर न केलेल्या गाड्या. २०२४ ला इथे पहिल्यांदाच अशा गाडीला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, १९३४ ची बुगाटी टाईप ५९, बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांच्याकडे होती ती. त्याआधी दशकानुदशकं नव्यासारखी चमकवलेली गाडीच जिंकायची. २०२५ ला जिंकली १९२४ ची हिस्पानो सुइझा एच६सी, फ्रेंच रेसर आंद्रे दुबोनेसाठी केलेली, टार्गा फ्लोरिओ रेसमधे पळालेली. तिची बॉडी लाकडाच्या पट्ट्यांची, विमान बनवणाऱ्या कारखान्यात हजारो रिव्हेट मारून केलेली. आणि ही गाडी २०२२ ला याच मॉन्टरेत आरएमच्या लिलावात ९२ लाख डॉलरला गेली होती. म्हणजे तीन वर्षांपूर्वी तंबूत पाटी वर करून घेतलेली गाडी आज पहिली आली. लिलाव म्हणजे नुसता पैशाचा खेळ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन की गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हाच तिचा इतिहास परत एकदा तपासला जातो, लिहिला जातो, हरवलेले कागद शोधले जातात.

परत पुण्यात

आलो तेव्हा गणपतीला थोडेच दिवस होते, नदीकाठी ढोलपथकांचा सराव जोरात, रस्त्यात मांडव. सहलीआधी नाना पेठेतल्या एका गॅरेजवाल्याशी हेराल्डचं बोलणं झालं होतं, फुल बॉडी घासून मेटॅलिक लाल रंग, नवीन सीट कव्हर. मामाने जाऊन त्याला नीट सांगितलं की रंगाचं रद्द, फक्त फ्लोअर आणि आउटरिगर करायचे, आणि गंजलेला तेवढाच पत्रा कापून नवीन जोडायचा, लांबी लावून झाकायचं नाही.

मग आजोबांची ट्रंक उघडली. १९६५ चं खरेदीचं बिल सापडलं, आरसी बुक सापडलं, पेट्रोलच्या हिशोबाची वही सापडली, त्यात महाबळेश्वरला जाताना किती गॅलन लागलं ते सुद्धा आजोबांच्या अक्षरात. मामीने सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून फाईल केली. जुन्या गाडीला ५० वर्षं झाली की विंटेज म्हणून नोंदणी करता येते, २०२१ पासून त्याला नंबराची वेगळी व्हीए सिरीज आहे, पण ती गाडी मग रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते, आणि आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. आम्ही आजोबांचा नंबर ठेवणार हे नक्की आहे, बाकी ठरवतोय.

रविवारी मी, मामा आणि कॉलनीतली दोन पोरं मिळून गाडी पुसली. मामाने चेसिस नंबरवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली, आरटीओत पासिंगला घेतात तसा प्रिंट. आकडे एकेक करून उमटले आणि आरसीशी जुळले. इंजिन नंबरही जुळला, म्हणजे ९४८ सीसीचं मूळ इंजिनच आहे, मधे कोणी बदललेलं नाही. तो प्रिंट फाईलमधे पहिलाच लावलाय.

आता गाडीत एकच गोष्ट चुकीची आहे, उजव्या बाजूच्या मागच्या दिव्याची काच फुटल्यावर कोणीतरी दुसरीच बसवलीये. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी शोधतोय, अजून मिळाली नाही. पुण्यात कोणाकडे स्टँडर्ड हेराल्ड मार्क वनची मूळची टेललाइटची काच पडून असेल, जुनी, ओरखडे असलेली चालेल, नवीन बनवलेली नको, तर जरूर सांगा. मामा स्वतः येऊन घेऊन जाईल.